एक इंच खाली लावलेला चिमटा

‘अमेरिकेत एवढी वर्षं तू नेमकं काय करत होतीस?’ असं भारतातले नातेवाईक विचारतात तेव्हा मी सरळ सांगते, ‘लोकांच्या कानाला चिमटे लावत होते.’ माझी नणंद हे पहिल्यांदा ऐकून इतकी हसली की हातातला चहा बशीत सांडला. कान पिळणारे मास्तर आम्ही दोघींनीही पाहिले होते. पण कानाला हात लावायचा पगार घेणारी घराण्यात मी एकटीच.

मी मूळची मिरजेची. फिजिओथेरपी तिथेच शिकले, लग्न होऊन इकडे आले, इथल्या परीक्षा पुन्हा पहिल्यापासून दिल्या. अटलांटाच्या उत्तरेला अल्फारेटा म्हणून गाव आहे, आपल्या आयटीवाल्या मंडळींनी भरलेलं. तिथल्या एका क्लिनिकमध्ये माझी शेवटची नऊ वर्षं गेली. गुडघे आणि कंबरा सोडून मी या कानाच्या कामाकडे कशी वळले, ते सांगायचं तर आमच्या प्रमुख डॉक्टर ग्लोरिया यांच्याबद्दल सांगावं लागेल. कृष्णवर्णीय, सत्तरीला टेकलेल्या, जॉर्जियाच्या संथ लयीत बोलणाऱ्या, सगळ्यांना ‘हनी’ म्हणणाऱ्या. त्यांनी एका दुपारी मला बोलावून विचारलं, ‘हनी, तुझे हात हलके आहेत असं ऐकलंय. माझ्याकडे येशील?’ मी गेले.

काम काय, ते आधी सांगते. आपल्या शरीरात मेंदूपासून निघून मानेतून खाली उतरत हृदय, फुप्फुसं, पोटापर्यंत जाणारी एक लांबलचक नस आहे. व्हेगस तिचं नाव. रक्ताची नस नाही ही, निरोप नेणारी. भीती वाटली, राग आला, की शरीर गाडीचा वेग वाढवतं: ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, तळव्यांना घाम येतो. ती वेळ टळली की व्हेगस ब्रेक लावते आणि सगळं हळूहळू पूर्ववत होतं. काही माणसांत हा ब्रेक नीट लागेनासा होतो. संकट टळून महिने लोटतात, शरीराला मात्र अजून तो निरोप पोचलेला नसतो.

या नसेची एक बारीक फांदी कानात येते, भोकाच्या वर जी वाटीसारखी खोलगट जागा असते तिथे. त्या जागी छोटा चिमटा लावून अगदी सौम्य वीज सोडली तर नस जागी होते, असा या उपचाराचा विचार. गोळी नाही, सुई नाही, कापाकापी नाही. मुंग्या आल्यासारखी शिरशिरी, अर्धा तास आरामखुर्चीत बसणं, झालं. मी पहिल्याच दिवशी तो स्वतःला लावून पाहिला होता. शिरशिरीची गंमत पाच मिनिटांत संपली; दहाव्या मिनिटाला खांदे खाली आले, आणि ते इतकी वर्षं वर होते हे मला तेव्हा कळलं.

आमच्याकडे नमुने बरेच यायचे. अशोककाका नावाचे निवृत्त केमिकल इंजिनियर होते, पुण्याचे. पहिल्या दिवशी आले ते घरी रणकंदन करून. चाळीस वर्षं कानात असलेली भिकबाळी उपचारासाठी काढायची म्हणून सोनार शोधला, काकूंनी विरोध केला, अखेर साबण लावून स्वतःच काढली. लालबुंद कान घेऊन समोर बसले. मी म्हटलं, ‘काका, आम्ही डाव्या कानाला लावतो. भिकबाळी उजव्यात असते.’ उजवीकडच्या नसेचा हृदयाच्या ठोक्यांशी जास्त जवळचा संबंध, म्हणून सावधगिरीने डावा कान. काका लाल झालेला कान चोळत म्हणाले, ‘हे आमच्या हिला सांगू नका.’

पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती शोभाची.

त्या सुमारास आम्ही एक अभ्यास करत होतो. वाढलेला रक्तदाब आणि सोबत सततची धास्ती असलेल्या माणसांना या चिमट्याचा खरंच उपयोग होतो का, हे तपासायचं होतं. अशा अभ्यासात एक कठोर नियम असतो. निम्म्या लोकांना खरा उपचार, निम्म्यांना खोटा. खोट्यासाठी आम्ही चिमटा एक इंच खाली लावायचो, कानाच्या पाळीला. तिथे ती नस पोचत नाही. शिरशिरी मात्र हुबेहूब तशीच होते, त्यामुळे आपल्याला काय मिळतंय ते माणसाला कळत नाही. कुणाच्या वाट्याला काय, ते कॉम्प्युटर ठरवायचा. रक्तदाब मोजणाऱ्या डॉक्टर ग्लोरियांनाही ते ठाऊक नसे. ठाऊक असे फक्त चिमटा लावणारीला, म्हणजे मला. सुरुवातीलाच सगळ्यांना हे सांगून त्यांची सही घेतली जाई, आणि अभ्यास संपल्यावर पाळीवाल्यांनाही खरा उपचार मिळे. नियम शहाणाच आहे. नाहीतर जगातला प्रत्येक गंडेदोरेवाला आपल्या दोऱ्याने बरं वाटल्याची माणसं उभी करू शकतो.

शोभा अकोल्याची. वय एकोणपन्नास. नवऱ्याच्या, नितीनच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे पहिली अकरा वर्षं तिला इथे नोकरी करायची परवानगीच नव्हती. बी.कॉम. झालेली मुलगी अकरा वर्षं डबे भरत आणि वाढदिवसांचे केक करत बसली. ग्रीन कार्ड आलं त्या महिन्यात तिने शाळेच्या पिवळ्या बसचा ड्रायव्हर होण्यासाठी अर्ज केला. नितीन हबकला. मराठी मंडळात काय सांगायचं? तिने त्याचाही तोडगा काढला. कुणी विचारलं की म्हणायची, ‘मी ट्रान्सपोर्टेशनमध्ये आहे.’ वर्षभराने तेही सोडलं आणि गणपतीच्या कार्यक्रमाला बसचा गणवेश घालूनच आली.

मला ती म्हणाली होती, ‘ताई, चाळीस फुटांची बस पहिल्यांदा वळणावरून काढली ना, त्या दिवशी वाटलं की आपण अमेरिकेत आलो.’

सहा वर्षं तिने विनातक्रार बस चालवली. मग एका सकाळी एका थांब्यावर बस उभी करून तिने लाल दिवे लावले, बाजूची ‘थांबा’ची पाटी बाहेर आली. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी थांबायचं असतं. दुसरीतली एक मुलगी रस्ता ओलांडून बसकडे निघाली. तेवढ्यात समोरून एक पिकअप ट्रक न थांबता आला. शोभाने हॉर्नवर दोन्ही हात दाबून धरले. मुलगी जागच्या जागी थिजली आणि ट्रक तिच्यापासून हातभर अंतरावरून निघून गेला.

मुलीला काहीही झालं नाही. ती बसमध्ये चढली, आपल्या जागेवर बसली, शेजारणीशी बोलू लागली. शोभाने त्या दिवशीची सगळी मुलं शाळेत पोचवली, बस आगारात लावली, आणि मग तिला खुर्चीतून उठता येईना.

त्यानंतर प्रत्येक थांब्यावर ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चारदा बघायची. तरी दार उघडायचं बटण दाबायला बोट पुढे होत नसे. रक्तदाबाचा त्रास तिला आधीपासून होता, पण दोन गोळ्यांवर तो आटोक्यात असे. आता तो गोळ्यांना जुमानेना. ड्रायव्हरांची वैद्यकीय तपासणी झाली तेव्हा वरचा आकडा एकशे शहाऐंशी आला. तपासणाऱ्याने नियम सांगितला: एकशेचाळीसच्या खाली आणून दाखवा, मगच स्टिअरिंगला हात लावा. तिला आगाराच्या ऑफिसात कागद लावायला बसवलं. गोळ्या बदलून पाहिल्या तर एकीने पाय सुजले, दुसरीने दिवसभर ठसका लागे. म्हणून तिच्या डॉक्टरांनी जुन्याच दोन गोळ्या ठेवून तिला आमच्याकडे पाठवलं.

मी तिला व्हेगसचं समजावून सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, ‘म्हणजे माझे ब्रेक घासलेत. इंजिन ठीक आहे.’ इतक्या नेमकेपणाने ते मला कुणा डॉक्टरनेही सांगितलं नव्हतं.

सही झाली, कॉम्प्युटरने कौल दिला. स्क्रीनवर आलं: पाळी.

मी तिच्या मागे उभी होते, म्हणून माझा चेहरा तिला दिसला नाही. आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे, मी माझ्या हाताने शोभाच्या पाळीला चिमटा लावणार होते आणि ती डोळे मिटून बरं होण्याची वाट पाहणार होती.

ती कधी उशिरा आली नाही. खुर्चीत बसली की पोरांच्या गोष्टी सांगायची. तिच्या बसमध्ये बेचाळीस मुलं होती आणि बेचाळिसांची नावं, कोण कुणाशेजारी बसलं तर भांडण होतं, कुणाची आई नुकतीच गेली, हे सगळं तिला पाठ होतं. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, ‘झोप बरी लागतेय, ताई.’ लागत असेलही. अर्धा तास शांत बसायला मिळणं आणि कुणीतरी विचारपूस करणं हेही औषधच आहे. पण डॉक्टरांच्या वहीत आकडा एकशे पासष्ट, एकशे सत्तर असाच लोळत होता.

अनेकदा चिमटा हातात घेतल्यावर माझी बोटं थबकायची. एक इंच. एक इंच वर सरकवला तर कुणाला कळणार होतं? चौथ्या आठवड्यात तिने मान वळवून थेट विचारलं, ‘ताई, तुम्हाला माहीत आहे ना मला कोणतं आहे ते? नका सांगू. फक्त एवढंच सांगा, हे होईल ना ठीक?’

मला म्हणायला हवं होतं की शोभा, मला यावर बोलता येत नाही. ते वाक्य मला पाठ होतं, शेकडो वेळा म्हटलेलं होतं. पण समोर आपली पोरगी, आपल्या भाषेत विचारत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘निश्चिंत राहा गं. सगळं नीट चाललंय.’

चिमटा मी सरकवला नाही, पण जीभ सरकली.

पुढच्याच्या पुढच्या आठवड्यात ती आली ती कपाळ दाबत. चेहरा तापलेला, नजर थोडी भिरभिरलेली. ‘दोन दिवस डोकं दुखतंय. आणि आज पाट्या नीट वाचता येईनात, नितीननेच ड्राइव्ह केलं,’ ती म्हणाली. मी चिमटा ठेवून दिला आणि डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी पट्टा बांधला, मोजलं, दुसऱ्या हाताला बांधून पुन्हा मोजलं. दोनशे चार.

‘शोभा, गोळ्या घेते आहेस ना, हनी?’

शोभा माझ्याकडे बघत मराठीत म्हणाली, ‘सोडल्या. बारा दिवस झाले. तुम्हीच म्हणालात ना ताई, सगळं नीट चाललंय? मला वाटलं, माझ्या वाट्याला खरा चिमटाच आलाय. गोळ्या सोडून नुसत्या चिमट्यावर आकडा खाली आणून दाखवावा.’

गोळ्या बंद आहेत एवढं मी डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं आणि त्यांनी लगेच फोन उचलला. अॅम्ब्युलन्स सात मिनिटांत आली. त्या सात मिनिटांत डॉक्टर ग्लोरिया तिचा हात धरून बसल्या होत्या आणि मी भिंतीला टेकून उभी होते. मेंदूत रक्तस्राव झाला असता तर? पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून कुणाला इजा झाली नव्हती. आता झाली असती तर ती एका गोड वाक्याने.

सुदैवाने तसं काही झालं नाही. दोन दिवस हॉस्पिटलात ठेवून, आकडा खाली आणून, तिला घरी सोडलं. अॅम्ब्युलन्स तिला घेऊन गेली त्याच दुपारी मी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं होतं. राजीनाम्याची तयारी ठेवूनच गेले होते. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला.

‘चिमटा हलवलास का?’

‘नाही.’

‘मोह झाला?’

‘रोज.’

‘मला तीस वर्षं होतोय,’ त्या म्हणाल्या. ‘आता बस आणि जे घडलं ते लिही. तुझ्या नावानिशी. तू काय बोललीस तेही, शब्द न् शब्द.’

मी लिहिलं. अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीकडे ते गेलं. मला ताकीद मिळाली, तीन महिने अभ्यासातल्या रुग्णांशी बोलण्याचं काम काढून घेतलं. शोभाला अभ्यासातून बाहेर काढावं लागलं आणि नियमाप्रमाणे तिला काय मिळत होतं तेही सांगावं लागलं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी समोरच होते. एरवी शोभा आमच्यासारखं मिसळलेलं मराठी बोलायची; चिडली की अकोला बाहेर यायचं. तिने डॉक्टरांना फोन मला द्यायला लावला.

‘म्हणजे दीड महिना माह्या कानाले नुसता कपडे वाळवायचा चिमटा लावला का तुमी?’

मी हो म्हटलं. तिने फोन आपटला.

तिला आता खरा उपचार द्यायला समितीची हरकत नव्हती. पण ती यायला हवी होती, आणि ती फोन उचलेना. शेवटी एका शनिवारी मी तिच्या घरी गेले. नितीनने दार उघडलं, ओशाळून आत बोलावलं. शोभा स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. तिने बस म्हटलं नाही. मी उभ्यानेच बोलले. म्हटलं, ‘जे बोलायला नको होतं ते मी बोलले. तुझं मन राखायला गेले आणि तुझ्या जिवाशी खेळ झाला. माफ कर.’

ती काड्या मोडत राहिली. मग म्हणाली, ‘वरची जागा किती लांब आहे?’

‘एक इंच.’

‘तुमच्या स्वतःच्या मुलीच्या वाट्याला खोटा चिमटा आला असता तर? सरकवला असता?’

खोटं बोलायची सोय उरली नव्हती. मी म्हटलं, ‘रडले असते. पण नसता सरकवला.’

नितीन आतून आला, ‘अगं जाऊ दे ना यार, ताई एवढं घरी येऊन...’ तिने हातानेच त्याला थांबवलं.

‘पावसात एखादी आई पोराला घेऊन पळत येते,’ ती म्हणाली. ‘थांबा वीस पावलांवर असतो. बसवर हात मारते, दार उघड म्हणते. आम्ही नाही उघडत. आम्हाला शिव्या देतात. पण थांबा सोडून दार उघडायचं नाही म्हणजे नाही, कारण मागून कोण येतंय ते त्या आईला दिसत नाही.’ तिने मेथीचं ताट बाजूला सारलं. ‘चिमट्याचं मी समजू शकते. बोललात ते नाही. सोमवारी किती वाजता येऊ?’

सोमवारी मी पहिल्यांदा तिच्या कानाच्या वाटीत चिमटा बसवला. तिला वाटलं होतं काहीतरी निराळं जाणवेल. ‘हे तर तेच आहे,’ ती निराश होऊन म्हणाली. मी यावेळी तोंड मिटून ठेवलं. फक्त स्क्रीनवर तिची नाडी पाहत होते. नव्वदच्या आसपास असायची ती. विसाव्या मिनिटाला ती चौऱ्याहत्तरवर येऊन टेकली आणि शोभाचा जबडा, जो मी इतके आठवडे घट्ट मिटलेला पाहिला होता, सैल पडून तोंड किंचित उघडं राहिलं. ती झोपली होती.

गोळ्या त्याच दोन, वेळच्या वेळी. नितीन त्या मोजून हातावर ठेवायचा. आकडे हळूहळू उतरले. एकशे बासष्ट. एकशे त्रेपन्न. एका आठवड्यात पुन्हा एकशे साठ, कारण आगाराबाहेर त्या ट्रकवाल्यासारखाच न थांबणारा कुणी भेटला होता. मग एकशे त्रेचाळीस. आठव्या आठवड्यात एकशे छत्तीस. मी उड्या मारायच्या बाकी होते. डॉक्टर ग्लोरिया मात्र म्हणाल्या, ‘हनी, एका माणसावरून काहीही सिद्ध होत नाही. वेळेवर गोळ्या, नवऱ्याचं लक्ष, तुझ्यावरचा राग निवळणं, यातलं कशाचं किती, देव जाणे.’ शोभा अभ्यासाबाहेर होती, त्यामुळे तिचे ते आकडे पुढे कुठल्याही शोधनिबंधात धरले गेले नाहीत. नऊ वर्षांत मी पाहिलेला सर्वांत सुंदर उतार कुठल्याच आलेखात नाही, आणि त्याला कारण मी.

तरीही सांगते, या उपचाराबद्दल माझा आदर तिथून वाढला. सगळ्यांना तो लागू पडत नाही. काहींना शिरशिरीपलीकडे काहीच होत नाही, आणि गोळ्या सुटतील या आशेने येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशीच शोभाची गोष्ट सांगत असे, नाव न घेता. आज तिनेच नाव लिहायला परवानगी दिली आहे. पण ज्यांना लागू पडतो त्यांचं शरीर बाहेरून काही न घालता आपलं आपण शांत व्हायला शिकताना पाहणं, हे काम मला मिळालं. शरीराला ते येतच असतं. कुणीतरी योग्य जागी हलकंसं बोट ठेवावं लागतं, आणि ती जागा कुठली याबद्दल प्रामाणिक राहावं लागतं.

शोभाची ड्रायव्हरकीची तपासणी पुन्हा झाली त्या दिवशी मी क्लिनिकमध्ये काही लिहीत बसले होते, पण लक्ष सगळं फोनकडे. नितीनने सकाळी मेसेज केला होता की रात्री ती छान झोपली. दुपारी अडीचला फोन वाजला. मागे मोठ्या इंजिनांचा आवाज येत होता, कुणीतरी कुणाला नंबर ओरडून सांगत होतं.

मी विचारलं, ‘काय झालं? किती आला?’

‘ताई, मला आता बोलायला वेळ नाही,’ शोभा म्हणाली. ‘टायर बघायचेत, डिझेल भरायचंय. उद्या सकाळी सव्वाचारला उठायचंय मला. ठेवते.’